थोडं कमी हाय

नदीवर पूल नव्हता, पलीकडे जायला नुसता एक डोंगा होता, त्या काळची गोष्ट. पळसटोल्यात रैजो नावाची बाई राहायची. तांदळाचं पीठ वाफवायचं, त्यात मोड आलेल्या मक्याचं पीठ कालवायचं आणि मडक्यात आंबवायचं, की लांदा ही प्यायची दारू होते. रैजोच्या लांदेचा वास सुटला की वाघसुद्धा कुंपणापाशी येऊन बसायचा, असं म्हणतात. आता तो प्यायचा की नाही, ते कोणी जवळ जाऊन पाहिलेलं नाही.

तिचा नवरा लालसू बांबूचे तराफे घेऊन नदीनं खाली निघाला. शेवटचा द्रोण रिकामा करून म्हणाला, "अशीच चव ठेवजो वो. वास आला का जिथं असन तिथून येईन मी."

तो परतायचा महिना लागला आणि रैजोला आनंदानं काही सुचेना. तिनं अंगण सारवलं, भिंती सारवल्या, आणि त्याच भरात आजेसासूचं काळं मडकं राख लावून, कढत पाण्यानं लख्ख घासून काढलं. तिथंच घात झाला. तीन पिढ्यांचं आंबवण त्या मडक्याच्या अंगात मुरलेलं होतं, ते राखेबरोबर वाहून गेलं. नव्या लांदेला ती चव आलीच नाही. लालसूही आला नाही. लोक म्हणाले, नदीला पूर होता. रैजोनं दोष स्वतःलाच दिला.

मग ती दर बाजाराच्या दिवसाआधी नवी लांदा लावू लागली. कधी मक्याला एक दिवस जास्त मोड आणायची, कधी पाणी झऱ्याचं घ्यायची. झाली की भोपळ्याचा तुंबा भरून घरोघर विचारायची, "चाखून पाहा बाप्पा, काय कमी हाय?" कोणी म्हणे आंबट, कोणी म्हणे पातळ. शेजारच्या चैती म्हातारीनं तर स्वतःच्या लग्नातल्या जेवणालाही नावं ठेवली होती. ती सरळ थुंकून टाकायची. रैजो रागवायची नाही. तिला त्याची फार आठवण यायची, एवढंच.

अशी बारा वर्षं गेली. मग लोकांनाच राहवेना. त्यांची मडकीही कधीकाळी रैजोच्या आजेसासूकडून आणलेल्या गाळावरच लागली होती. प्रत्येक घरानं आपल्या मडक्याच्या तळाचा वाटीभर गाळ तिला आणून दिला, आणि रैजोनं त्यावर पुन्हा लांदा लावली.

तिसऱ्या दिवशी फेस उतू गेला, अंगण ओलांडून नदीत उतरला, आणि पांढरं झालेलं पाणी तो वास घेऊन खाली वाहत गेलं, असं म्हणतात. चैतीनं द्रोण तोंडाला लावला. मग डोळे पुसत म्हणाली, "काईच कमी नाई वो पोरी."

रैजो तुंबा घेऊन घाटाकडे धावली. दिवस मावळत होता. प्रवाहाच्या उलट, वल्ह्याशिवाय एक डोंगा वर येत होता. आत कोण होतं, ते काठावरून नीट दिसलं नाही. ती बसली आणि डोंगा वळला. त्यानंतर ती कोणालाच दिसली नाही. "थोडं कमी हाय" असं आपण खोटं का नाही बोललो, म्हणून चैती मरेपर्यंत हळहळत राहिली.

आजही पळसटोल्यात लांदेचं मडकं कोणी राखेनं घासत नाही. नवी लांदा झाली की पहिला तुंबा शेजारी जातो. ती कितीही चांगली उतरलेली असो, चाखणारा म्हणतो, "थोडं कमी हाय." कमी काय ते विचारायला रैजो अजून येईल, असं म्हणतात. आणि तसं म्हणून झालं की सगळे जरा वेळ दाराकडे बघत बसतात.