खोल पाट

फार फार जुनी गोष्ट. माघ महिना होता, वद्य पंचमी. आभाळ निरभ्र, वारा कोरडा, आणि गहू नुकताच ओंबीवर आलेला. अशा वेळी पाणी चुकलं तर दाणा भरत नाही, हे शेतात राबणाऱ्याला सांगावं लागत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी एक मोठं तळं होतं. तळ्याच्या धन्यानं खालची जमीन गोरगरिबांना कसायला दिली होती. तो खंड घेत नसे. त्याची आज्ञा एकच होती, "आपापला पाट साफ ठेवा. पाणी मी सोडीन."

ही आज्ञा सगळ्यांत चोख पाळणारा एक जुना मळेकरी होता. त्याच्या पाटात गवताची काडी दिसायची नाही. हंगामाच्या सणाला देवळातल्या वेदीवर गव्हाच्या ओंब्यांची पहिली जुडी ठेवायचा मान दरवर्षी त्याचाच असे. मनात तो म्हणायचा, 'माझा पाट असा आहे, म्हणून तर पाणी येतं.'

त्या वर्षी शेजारच्या तुकड्यावर एक नवखा आला. आजारी बायकोला पाठीवर घेऊन आला होता. तिची शुश्रूषा करता करता आणि खोपट उभारता उभारता त्यानं कसाबसा गहू पेरला, पण पाटाला हात लावायला त्याला सवड झाली नाही. पाटात गाळ साचला आणि लव्हाळा माजला.

पंचमीला नवख्याची पाण्याची पाळी होती. जुना मळेकरी बांधावर येऊन उभा राहिला. आता धनी याला चांगलं सुनावणार, अशी त्याची खात्री होती.

धनी आला. त्यानं पाट पाहिला, धोतर खोचलं, फावडं घेतलं आणि स्वतः गाळात उतरला. पुढे धनी, मागे पाणी. नवखा शेजारी वाकून हातांनी गाळ उपसत होता, रडत होता आणि हसतही होता.

जुन्याला ते पाहवेना. "धनी," तो म्हणाला, "मी इतकी वर्षं तुमचा शब्द मोडला नाही. माझ्या पाटात तुम्ही कधी पाय टाकला नाहीत!"

"तुझ्याकडे पाणी पोचत होतं ना, बाबा?"

"पोचत होतं. पण यालाही तेवढंच?"

"तळं माझं आहे," धनी हळूच म्हणाला. "तुझं काही कमी झालं का?"

कमी काहीच झालं नव्हतं. पण मत्सराला तोंड असतं, कान नसतात. घरी आल्यावर त्याला भाकरी गोड लागेना. नवख्याचा पाट आता रोज साफ होऊ लागला होता. ते पाहून तर त्याला अधिकच झोंबलं. 'हा गाळात लोळला तर याला एवढं मिळालं. मी दुप्पट राबेन, मग माझ्याकडे जास्त यायलाच हवं.'

त्यानं कुदळ उचलली आणि पाट खोल करायला घेतला. गुडघाभर झाला, मग मांडीभर झाला. शेवटी त्याची बायको बांधावरून म्हणाली, "अहो, पाट खणताय की विहीर?"

"तू गप गं. धन्याची आज्ञा पाळतोय."

"धन्यानं साफ ठेवायला सांगितलं होतं. पाताळ गाठायला नाही."

त्यानं ऐकलं नाही.

त्याची पाळी आली. धन्यानं पाणी सोडलं. पाणी भरभरून आलं आणि वाफ्यांच्या तोंडाखालून, खोल पाटातून, सरळ ओढ्याकडे निघून गेलं. त्यानं ढेकळं टाकली, ती वाहून गेली. घागरीनं उपसून तो किती उपसणार? खळाळत्या पाण्याच्या काठावर त्याचा गहू माना टाकून उभा होता.

"दादा, जरा सरका," मागून आवाज आला. नवखा होता, खांद्यावर फावडं घेऊन.

"हसायला आलास?"

"हसून पाट भरतो होय? माती कुठून घेऊ, तेवढं सांगा."

नवखा माती ओढू लागला. मग तो वर तळ्याकडे पाहून ओरडला, "धनी, उद्याची माझी पाळी यांना द्या!"

"तुझी पाळी तुझ्याकडेच राहू दे," धनी म्हणाला. "पाणी तळ्यात पुष्कळ आहे. आधी पाट भरू या."

आणि धोतर खोचून धनी जुन्याच्या पाटात उतरला. जुना मळेकरी पाहतच राहिला. ज्यासाठी तो इतके दिवस जळत होता, ते आज मिळालं होतं, आणि तेही त्यानं स्वतःच्या हातांनी सगळं बिघडवून ठेवल्यावर. त्यानं फावडं घेतलं आणि दोघांच्या मध्ये जाऊन तो माती ओढू लागला.

पाट भरायला आठ दिवस गेले, मग पाणी वाफ्यांत शिरलं. पण उशीर झाला होता. त्याचा अर्धा गहू पोचट निघाला, अर्धा भरला. हंगामाच्या सणाला वेदीवर पहिली जुडी नवख्यानं ठेवली. जुन्यानं त्याच्या मागोमाग आपली ठेवली, आणि घरी जाताना दोघांचे पाट एकदा नीट पाहून गेला.

बोध: देवाची कृपा आपल्या आज्ञापालनानं मिळवायची नसते, मिळालेल्या कृपेला वाट मोकळी ठेवणं, हेच आज्ञापालन.