डोक्यावरची ज्वारी

एका राज्यात राजा होता, न्यायसभा होती, पोथ्यांचे ढीग होते. नव्हता तो फक्त निकाल. दावा आजोबांनी लावावा आणि तारखांना नातवांनी जावं.

भिवरा नावाची बाई हैबतराव जमीनदाराचं शेत कसायची. आजीपासूनचं कूळ. हैबतरावाला शेत मोकळं करून हवं होतं. कायदा असा, की लागोपाठ तीन हंगाम शेताच्या मातीत हिरवं दिसलं नाही तर कुळाचा हक्क संपला. त्याने दावा ठोकला आणि मांत्रिकाकडून त्या भुईला शाप देववला: निकाल लागेपर्यंत इथे दाणा उगवणार नाही. आणि निकाल लागतोय कशाला?

दोन हंगाम बी मातीत मुकाट पडून राहिलं. तिसऱ्याला बी पेरून भिवरा न्यायपंडितापुढे उभी राहिली.

"साक्षीदार आण," पंडित म्हणाला.

तिने शेतातली तीनशे वर्षांची टिटवी आणली. टिटवी बोलली, "हिच्या आजीचा नांगर माझ्या अंड्यांना वळसा घालून जायचा. हिचाही जातो."

"राहतं घर कोणतं?"

"घर नाही. भुईवरच अंडी घालते."

"पत्त्यावाचून साक्ष नाही. कुळाचा ताम्रपट आण. पुढची तारीख."

ताम्रपट डोंगरातल्या शापित खजिन्यात होता, वर नाग बसलेला. नाग म्हणाला, "सोन्याला हात लावशील तर दगड होशील."

"सोनं ठेव तुझ्यापाशी. जरा सरक."

इतकं सरळ त्याला कोणी बोललं नव्हतं. तो सरकला.

पंडिताने ताम्रपट उलटापालटा केला. "हा अस्सल आहे. नक्कल कुठे आहे?"

"अस्सल असताना नक्कल कशाला?"

"जोडायला. पुढची तारीख."

अशा माणसापुढे डोकं आपटून काय होणार. तेवढ्यात हैबतराव गोड बोलला, "जुन्या रीतीने होऊ द्या. शेताचं ढेकूळ डोक्यावर घेऊन हिने बांधावरून फेरी मारावी. पुरी झाली तर मी दावा सोडतो." मांत्रिकाने बांध आधीच ताणून ठेवला होता, हंगाम सरला तरी फेरी सरणार नव्हती.

भिवराने ओलं ढेकूळ उचललं, त्यात मूठभर ज्वारी दाबली आणि डोक्यावर ठेवलं.

टिटवी वैतागली. "या भुईत उगवत नाही, ठाऊक आहे ना, बाई?"

"हे भुईत कुठे आहे? डोक्यावर आहे."

ती चालली. बांध लांबत गेला. एक दिवस, दोन दिवस, सहा दिवस. तुंब्यातलं पाणी निम्मं ती प्याली, निम्मं तिने ढेकळाला पाजलं. सातव्या दिवशी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, बांध सोडून ती थेट सभेत आली.

"फेरी पुरी झाली नाही," हैबतराव म्हणाला.

"नसू दे. महाराज, इकडं बघा."

पेंगणाऱ्या राजाने डोळे उघडले. बाईच्या डोक्यावर बोटभर कोंब डुलत होते.

"हे काय?"

"माझ्या शेताची माती. तिच्यातली ज्वारी."

पंडित चाचरला, "पण महाराज, डोक्यावर..."

"माती कुठे असावी, हे कायद्यात लिहिलं आहे?" राजाने विचारलं.

पंडिताने पोथी चाळली. लिहिलं नव्हतं.

"मग निकाल लिही. कूळ कायम. हैबतरावाला रीतीचा वाटा, एक कणीस जास्त नाही. आणि ज्यांनी हिला तारखांत आणि फेऱ्यांत अडकवलं, तेच कापणीला जातील."

शाई वाळली आणि शाप सुटला. तीन हंगामांचं बी एकदम वर आलं. संध्याकाळपर्यंत ज्वारी पुरुषभर उंच होऊन पिकली, टिटवीला अंड्यांपुरती जागा सोडून.

दुसऱ्या दिवशी हैबतराव, मांत्रिक आणि पंडित विळे घेऊन वाकले. दुपारी पंडिताने कमरेवर हात ठेवून विचारलं, "भिवराबाई, हे संपणार कधी?"

भिवरा म्हणाली, "पुढची तारीख उद्याची."

तिची ज्वारी घरी आली, आपली कथा इथे सरली.