अर्ध्या कलशाचं बेट

सांगा पाहू, मंडळी, एक सल्ला जरीच्या अंगरख्यातून आला आणि दुसरा ओल्या पंखांतून, तर विश्वास कोणावर टाकावा? घाई करू नका. माल विकणारा आणि तागडी धरणारा एकच असला, की शहाणं गिऱ्हाईक जरा थांबतं. वेणू तांडेलीणही थांबली, म्हणून ही कथा सांगण्याजोगी झाली.

एका राज्यात विक्रांतसेन नावाचा राजा होता. गलबतं हाकारून त्याने समुद्रापारचं एक बेट आपल्या राज्याला जोडलं. लढाई झालीच नाही. बेटाच्या म्हाताऱ्या राणीने, येईल त्या पाहुण्याला देतात तसा, गोड्या पाण्याचा कलश पुढे केला. अर्धं पाणी पाहुण्याने प्यावं, अर्धं बेटाच्या मातीत ओतावं, अशी तिथली रीत. पण मांत्रिक कालकेतू राजाच्या कानाशी लागला, "महाराज, ही खंडणी! बेट शरण आलं." राजाने कलशावर लाखेची मोहोर केली, निशाण रोवलं आणि वाजतगाजत परतला.

कलश खजिन्यात ठेवला मात्र, राज्यातली प्रत्येक विहीर खारट झाली. बेट आता राज्यातलंच, म्हणून बेटावरच्याही झाल्या. माणसं शहाळ्यांवर तगू लागली, आणि शहाळी संपत आली.

वेणू बंदरात गलबत चालवी. तिच्या कडेवर तान्ही लेक, ओठ सुकून फाटलेले. दरबारात जरीच्या अंगरख्यातला कालकेतू, ज्याला प्रत्येक बेटाच्या खंडणीत वाटा मिळे, म्हणाला, "आणखी दोन बेटं जोडा, विहिरी गोड होतील." डोलकाठीवरचा पाणकावळा वेणूला म्हणाला, "कलश सोडव. निशाण उतरव. राजाला पाहुणा कर."

"यात तुला काय मिळणार?"

"काही नाही. माझं खाऱ्यावर भागतं."

"मग तुझंच ऐकते."

खजिन्याच्या दारात मांत्रिकाचा नाग होता. "कलश कोणाचा?" त्याने विचारलं. आधी आलेले तिघे 'राजाचा' म्हणाले होते आणि दगड होऊन तिथेच उभे होते.

"ज्यांनी भरला त्यांचा," वेणू म्हणाली.

"चला, सुटलो एकदाचा," म्हणत नागाने वेटोळं घातलं आणि डोळे मिटले.

कलश वेणूच्या हाती पाहून आणि पाहुणा म्हणून बेटावर चलायचं ऐकून राजा म्हणाला, "आमच्याच बेटावर आम्ही पाहुणे?"

"महाराज, नुसते चला तर खरे."

तहानेपुढे राजाचं काही चालेना. तो निघाला, कालकेतूही निघाला. सगळ्या वाटेत लेक रडली, पण कलशातला थेंबही वेणूने तिला पाजला नाही. तो कलश तिचा नव्हता.

बेटावर निशाणाच्या काठीला मुळं फुटली होती. ओढावी तशी ती खोल जाई. वेणूने निशाणाभोवती उभ्या राजाच्या पहारेकऱ्यांना हाक मारली, "अहो दादा, किती उभे राहाल? बसा, भाकरी खा." ते भाले टाकून बसले. पहारा सुटला तशी काठी आपोआप आडवी झाली.

"आता कलश इकडे आण!" गलबतातून राजा ओरडला.

"आणते. आधी अनवाणी उतरा, आणि विचारा."

"काय विचारू? कोणाला?"

"येऊ का, असं. घरधनिणीला."

कालकेतू किंचाळला, "महाराज, विचारलंत तर बेट गेलं!"

"आणि न विचारता काय आलं, बुवा?" म्हणत वेणूने गलबताशी येऊन लेकीला राजापुढे धरलं. रडायलाही तिच्या डोळ्यांत पाणी उरलं नव्हतं. राजाने एकवार पाहिलं, मोजड्या काढल्या आणि गुडघाभर लाटेत उतरला.

"बाई, येऊ का?"

किनाऱ्यावर उभी म्हातारी राणी हसली. "ये रे बाबा. मागच्या खेपेला फारच घाईत होतास."

राजाने मोहोर फोडली. अर्धं पाणी प्याला, अर्धं मातीत ओतलं. त्या क्षणी दोन्ही किनाऱ्यांवरच्या विहिरी गोड झाल्या. खजिन्याच्या दारातले तिघे दगड शिंकत जागे झाले. कालकेतू मिठाची ढेप झाला. कोळणींनी तो सुरमईला चोळून संपवला. वेणूने बेटाच्या विहिरीवर ओंजळ भरली आणि लेक घटाघटा प्याली. बेट बेटाचंच राहिलं. गलबतं जाऊ-येऊ लागली, पण उतरण्याआधी प्रत्येक तांडेल हाळी देई, "येऊ का?" आणि बेटावर स्वागताच्या नौबती झडत.

तेव्हा मंडळी, एवढी विनंती ऐका. कोणी प्रेमाने काही दिलं, तर आपल्या वहीत ते भेट म्हणूनच लिहा, खंडणी म्हणून नको. हिशेब खरा ठेवा.