अर्धं स्तोत्र

"पण एक दगडसुद्धा मारू नये का हो बाई, कुणी?"

असं विचारून नथानेल उपदेशकानं ओट्यावर बसकण मारली. टेकाडापलीकडच्या बोरवंडीहून भर उन्हात पायी आला होता. अंगावर ओरखडा नाही, सदऱ्याची इस्त्री जशीच्या तशी. आणि तेच तर त्याचं दुखणं.

शलोमीबाई सुपात तूरडाळ निवडत होत्या. जन्मभर घरोघर हिंडून शास्त्र शिकवलेल्या बायबलबाई. आता गुडघे हिंडत नाहीत, जीभ मात्र हिंडते. नथानेलाला अक्षरओळख त्यांनीच करून दिलेली, म्हणून उपदेशकाची परीक्षा पास होऊनही तो त्यांच्यापुढे अजून नथूच.

त्यांनी डाळीतला एक खडा वेचला आणि नेम धरून त्याच्या गुडघ्यावर मारला.

"घे. झालं समाधान?"

"थट्टा नको, बाई. मी त्यांच्या पारावर उभा राहून खणखणीत उपदेश केला. बाप्तिस्मा घेतला म्हणून कोंडाजीला वाळीत टाकलं ना, त्याच गावात. त्याला बडवलं, त्याच पारावर."

"मग?"

"मग पाटलानं खुर्ची दिली."

"अरेरे."

"चहा पाजला. वर कांदाभजी."

"काय छळ म्हणायचा हा."

नथानेलानं गुडघ्यावरचा खडा झटकला. खरा सल भज्यांचा नव्हताच, कोंडाजीचा होता.

हा कोंडाजी वीटभट्टीवरचा गडी. गावानं त्याची विहीर बंद केली, गिरणी बंद केली, न्हावी बंद केला, घराची कौलं फोडली. इतकं सोसून गडी दर रविवारी उपासनेला हजर. प्रार्थनेची वेळ आली की उभा राहायचा, 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे मेंढपाळाचं स्तोत्र म्हणायचा, आणि अख्खी मंडळी डोळे पुसायची. पूर्वी बाया म्हणायच्या, नथानेलभाऊंचा आवाज काय गोड. आता नथानेलभाऊ समोरून गेले तरी, "सलाम भाऊ, कोंडाजीदादा आले का?" आणि परवा तर मंडळीच्या पंचांनी ठरवूनच टाकलं होतं, की येत्या रविवारी पुढे उभं राहून स्तोत्र कोंडाजीनं म्हणायचं. म्हणजे नथानेलाच्या जागेवर.

"तुम्ही पंचांना सांगा, बाई. तुमचं मोडत नाहीत ते."

"काय सांगू?"

"की त्याला स्तोत्र येतच नाही."

"हां?"

"खरंच. मेंढपाळाचं स्तोत्र, आणि मेंढपाळाचं नावच घेत नाही. सुरुवातच हिरव्या कुरणापासून. मग गप्प... मग एकदम काळोखाची दरी. पुन्हा गप्प... मग शेवट. अर्धं गाळतो. आणि बाया रडतात कुठे? तो गप्प बसतो तिथे. मी सगळी स्तोत्रं न अडखळता म्हणतो, तर जांभया देतात."

"वैऱ्यांदेखत ताट वाढलं जातं, ते वचन?"

"तेही गाळतो. ज्याला त्याची गरज, तोच गाळतो."

"बरोबर आहे. ताट तुला वाढलं."

नथानेलानं सदऱ्यावरचं भज्याचं तेल हळूच झाकलं.

"बरं, मला सांग नथू," सूप पाखडत बाई म्हणाल्या, "रविवारी तू स्तोत्र कसं वाचतोस?"

"कसं म्हणजे? आळीपाळीनं. एक वचन मी, पुढचं मंडळी. तुम्हीच लावलीत ना ही पद्धत."

"आणि कोंडाजी कुठे बसतो?"

"मागे, दाराशी. मंडळीत."

"वाचता येतं त्याला?"

"कुठलं वाचता येतंय? मंडळीबरोबर म्हणून म्हणूनच पाठ..."

...

सूप थांबलं.

कुरण हे दुसरं वचन, ते मंडळीचं. दरी चौथं, तेही मंडळीचं. शेवट, तोही. आणि मेंढपाळाचं नाव, जिवाला आलेला तजेला, वैऱ्यांपुढचं ताट... ही तिन्ही वचनं पुढे उभा राहणाऱ्याची. म्हणजे नथानेलाचीच.

"तो गाळत नाही..." नथानेल हळूच म्हणाला.

"मी त्याच्या घरात होते, कौलं फुटली तेव्हा. बैलगाडीनं भेटायला गेले होते," बाई म्हणाल्या. "पोरांना पोटाशी घेऊन भिंतीला टेकला होता. आपलं वचन म्हणायचा. थांबायचा. मान डोलवायचा. मग पुढचं म्हणायचा."

"भ्याला नव्हता?"

"लटलटा कापत होता. पण घाई नाही केली. तू तिसऱ्या वचनाला उगीच सूर लांबवतोस ना, तेवढं लांबवणंसुद्धा ऐकून घेतलं."

...

नथानेलाला आता हेवा कुणाचा करावा तेच समजेना. त्याचा स्वतःचा आवाज कोंडाजीच्या घरात राहून आला होता, दगडांखाली. आणि तो मात्र पारापर्यंत जाऊन भजी खाऊन परतला होता.

"बोरवंडीला गेलास, म्हणजे त्याच्याकडे डोकावला असशील," बाई म्हणाल्या.

"वेळ... नाही झाला."

"भज्यांना झाला."

"पाटलापुढून त्याच्या दाराशी जायचं म्हणजे..."

बाईंनी सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यांवर हात देत उठल्या आणि रांजणातून घागर भरून आणली. फडक्याची चुंबळ वळली आणि उपदेशकांच्या तेल लावून बसवलेल्या भांगावर ठेवली.

"बाई, हे पाणी त्याच्या दारी घेऊन गेलो तर पाटील बघेल."

"बघेल."

"आज मान दिला, तो उद्या..."

बाईंनी चुंबळ जरा डावीकडे सरकवली. घागर नीट बसली. गार पाण्याचा एक ओघळ इस्त्रीच्या सदऱ्यावर उतरला.

"आणि रविवारचं?"

बाई पुन्हा सूप घेऊन बसल्या.

नथानेल दोन्ही हातांनी घागर धरून पायऱ्या उतरला. फाटकाशी जाऊन थांबला. मान वळवता येईना, म्हणून सगळाच वळला.

"पण तो दार उघडायचा नाही, बाई. कडी वाजली की त्याला वाटतं, मारायलाच आले."

"मग कडी वाजवू नकोस. बाहेर उभा राहा, आणि पहिलं वचन म्हण."