दुसरी होळी

अवजारं बोलायची, पण ऐकून घ्यायची नाहीत, त्या काळातली ही गोष्ट.

डोंगरावरच्या बागेत फावडेरावांचा हुकूम चाले. होळी विझताच त्यांनी काकडीची कोवळी रोपं उघड्यावर लावून घेतली. म्हणाले, "होळी जळाली, थंडी पळाली!"

चौथ्या संध्याकाळी थंडी परत आली. पानांवरचं दव गोठू लागलं.

"अगं, तू पळालीस ना!" फावडेराव खेकसले.

"हो का? मला कुणी कळवलंच नाही," म्हणत थंडीनं रोपांत बैठक मारली.

म्हातारी कुंडी म्हणाली, "राव, आम्ही कुंड्या रोपांवर पालथ्या पडतो."

"तसं ठरलेलं नाही! दुसरी होळी पेटवा!"

"पेटवू की. पण बागेत वाळकं लाकूड एकच उरलंय. तुमचा दांडा."

फावडेरावांनी आपल्या दांड्याकडे बराच वेळ पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "कुंड्यांनो, पालथ्या पडा. ठरलं होतंच तसं."