माळावर गेलेलं खुरपं

अवजारांना तोंड होतं आणि ती ते वापरायचीही, त्या काळची गोष्ट. शाळेमागच्या मोकळ्या जागेत पोरांना शिकायला बाग करायची ठरली. काय लावायचं ते बघायला खुरपं आणि झारी माळावर गेली.

सोनकीची पिवळी फुलं दिसताच खुरपं म्हणालं, "हीच न्यायची. बाकी सगळं तण. ते उपटलं की रोपं नीट निघतील."

गवताच्या बुडाशी चंडोल पक्षीण अंड्यांवर बसली होती. ती जागची हलली नाही. "उपट की. पण ज्याला उपटशील त्याचं नाव सांगून उपट."

"तण."

"ते नाव नव्हे, शिवी झाली."

झारी खुदकन हसली. खुरप्याला राग आला, पण नाव काही येईना. सगळा जन्म खुरपण्यात गेला, विचारलं होतं कुणाला? शेवटी ते गवताकडे वाकलं. "बाई, तू कोण?"

"मारवेल. माझ्याच आडोशाला हिची अंडी आहेत. आणि ते पलीकडचं गवत, माझी शेजारीण कुसळी."

ऊन कललं तरी खुरपं एकेकाला विचारतच होतं. झारी कंटाळली. "खुरप्या, बागेत लावायचं काय ते ठरलं का?"

"लावायचं मागनं बघू," खुरपं म्हणालं. "शाळेमागं आधीच कोण कोण उगवलंय, ते पोरांना घेऊन विचारू."