हंसाखालची चांदणी

“...म्हणजे हा हंस खरा, की तुम्ही रंगवलेला?”

श्रीरंगने पत्र्याची जुनी पाटी पंपावर बसलेल्या उस्तादांच्या पुढ्यात जपूनच ठेवली, पण आवाज चढला होता.

कागल रस्त्यावरच्या त्या पेट्रोलपंपावर गैबी उस्तादांनी उभी हयात काढली होती. पेट्रोल भरायचं आणि कंपन्यांच्या पाट्याही रंगवायच्या. कुठली कंपनी कधी आली, तिचं चिन्ह कधी बदललं, हे सगळं श्रीरंग चार वर्षं त्यांच्याकडे शिकला. आता नखाएवढ्या रंगाच्या टवक्यावरून कंपनी सांगतो, अशी फुशारकी तो गावभर मारायचा. रविवारी त्याच्या जुन्या पाट्यांच्या संग्रहालयाचं उद्घाटन होतं आणि उस्तादांनी दिलेली ही हंस छाप पाटी मधोमध लागणार होती.

काल मनात पाल चुकचुकली आणि त्याने कोपरा खरवडला. हंसाखाली चांदणी निघाली, दुसऱ्याच कंपनीची! पाटी खोटी निघाली तर चारचौघांत शोभा, आणि गुरूच खोटा निघाला तर चार वर्षं पाण्यात.

“हंस खरा,” उस्ताद म्हणाले. “आणि मीच रंगवलेला.”

“दोन्ही कसं होईल?”

पंप एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे गेला, तेव्हा त्याच पत्र्यावर नवं चिन्ह काढायचा हुकूम आला होता, एवढंच त्यांनी सांगितलं. श्रीरंगला पटेना. याला पुरावा काय, असं त्याने विचारलं. गुरूला असं विचारायची लाज वाटली, तरी विचारलं.



संशयी गिऱ्हाइकासाठी पंपावर फिल्टर पेपर ठेवलेला असतो. त्यातला एक काढून उस्तादांनी त्यावर नोझलमधून पेट्रोलचा एक थेंब सोडला. भेसळ असली की डाग मागे राहतो, हे श्रीरंगला ठाऊक होतं.

थेंब उडून गेला. कागद कोरा.

“नीट बघ.”

श्रीरंगने कागद उन्हात धरला, उलटासुलटा केला. काही सापडेना.

“शुद्ध आहे,” तो नाइलाजाने म्हणाला. “पण मी पाटीचं विचारतोय, उस्ताद.”

उस्तादांनी त्याच्या हातातला कागद घेतला आणि पाटीवर, हंस आणि चांदणीच्या मधे ठेवला...

“टवक्यावरनं कंपनी वळखतोस न्हवं? आता ह्या कागदावरनं वळख, त्यो थेंब हंसाचा का चांदणीचा.”